तारेतले लोखंड, रॉडमधले फेराइट: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: ॲन्टेनाच्या कामात पदार्थाची चुंबकीय पार्यता, म्हणजे तो चुंबकीय बलरेषांना किती सहज वाट देतो ते, कुठे मोजायची आणि कुठे सोडून द्यायची. डेटाशीटवर तिला परमिॲबिलिटी म्हणतात, हौशी मंडळी नुसते ‘म्यू’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. निर्वाताचा म्यू १ धरायचा (हवेचाही जवळजवळ तेवढाच) आणि बाकी सगळे आकडे त्याच्या पटीत.

प्रश्न : ७ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेला, दोन सारख्या तारांचा ॲन्टेना) टाकायचा आहे. तांब्याच्या तारेचा भाव पाहता हार्डवेअरच्या दुकानातली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार वापरली तर चालेल का? एक मित्र म्हणतो, लोखंड चुंबकीय असल्यामुळे सिग्नल खाते. (सांगली)

मित्र म्हणतो ते खरे आहे, पण तुमच्या तारेला ते किती लागू पडते हे तिच्यावरच्या जस्तावर ठरेल.

रेडिओ वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून, म्हणजे त्वचा-थरातून, वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात हा थर सुमारे २५ मायक्रॉनचा असतो. लोखंडाची रोधकता तांब्याच्या सात ते दहा पट, आणि या वारंवारतेला म्यू ढोबळमानाने १००. पृष्ठभागाचा रोध या दोन पटींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे उघड्या लोखंडी तारेचा रोध तांब्याच्या जवळजवळ तीसपट. त्यात रोधकतेचा वाटा तिपटीचा आणि म्यूचा दहापटीचा. खरा चोर म्यूच आहे.

आता आकडे मांडू. २ मिमी जाडीच्या तांब्याच्या २० मीटर डायपोलमध्ये नुकसान करणारा रोध फीड पॉइंटवरून, म्हणजे केबल जोडतो तिथून, पाहिला तर साधारण १ ओहम भरतो. उत्सर्जन रोध (लहर बनून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिशेब देणारा रोध) ७० ओहमच्या आसपास असल्यामुळे हे नुकसान नगण्य. तीच तार उघड्या लोखंडाची असेल तर हा १ ओहम ३०-३५ ओहम होतो, आणि सेटमधून निघालेल्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तार गरम करण्यात जातो. हे नुकसान दीड ते दोन डेसिबलचे.

जीआय तारेवर मात्र जस्त असते आणि जस्त चुंबकीय नाही. पुरेसा जाड थर असेल तर प्रवाहाचा मोठा भाग जस्तातूनच वाहतो, लोखंडापर्यंत फारसा पोचत नाही. जस्तात ७ मेगाहर्ट्झला त्वचा-थर ४७ मायक्रॉनच्या आसपास येतो. शेताच्या कुंपणाला लागते तसल्या, जाड जस्ताच्या तारेवर ३० मायक्रॉनच्या आसपास लेप असतो. तिच्यात जेमतेम पाव डेसिबल जाते, ते ऐकणाऱ्याला कळणारही नाही. स्वस्त चकचकीत बाइंडिंग वायरवर जस्त चार-पाच मायक्रॉनच असते, तिच्यात पाऊण डेसिबलपर्यंत जाते. दोन-तीन पावसाळ्यांत हे जस्त निघून गंज दिसू लागला की तार उघड्या लोखंडाच्या रांगेत गेली असे समजा.

यात एक फसवी गोष्ट आहे. तारेत नुकसान वाढले की ॲन्टेनाची बँडविड्थ रुंदावते आणि एसडब्ल्यूआर (ॲन्टेना सेटशी किती जुळतो ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका बरा) बँडच्या दोन्ही टोकांना छान दिसतो. ‘जीआय तारेवर एसडब्ल्यूआर तांब्यापेक्षा बरा येतो’ असे कोणी सांगितले तर त्याचे कारण हे.

पूर्ण लांबीच्या डायपोलला जाड जस्ताची तार चालेल. लोडिंग कॉइल घालून आखूड केलेल्या डायपोलला ती वापरू नका, कारण तिथे उत्सर्जन रोध १०-१५ ओहमवर येतो आणि नुकसानाचे प्रमाण एकदम वाढते. छोट्या ट्रान्समिटिंग लूपमध्ये तर उत्सर्जन रोध ओहमच्या शतांशांत असतो. तिथे लोखंड म्हणजे पैसे पाण्यात. ३.५ मेगाहर्ट्झला त्वचा-थर जाड होत असल्यामुळे तोच जस्ताचा लेप कमी पुरतो, हेही धरा.

स्टेनलेस ३०४ ची तार मिळत असेल तर ती साध्या लोखंडापेक्षा बरी. तिची रोधकता तांब्याच्या चाळीस पटींहून जास्त असली तरी म्यू १ च्या जवळ असतो, म्हणून एकूण रोध साडेसहा पटींवरच थांबतो. थंड ओढलेली ३०४ थोडी चुंबकीय होते. लोहचुंबक लावून पाहा, जोरात चिकटला तर ती तार घेऊ नका.

आमची पसंती विचाराल तर घरातल्या वायरिंगची १.५ चौरस मिमी तांब्याची तार. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागून मीटरमध्ये लांबी काढा: ७.१ ला २०.०७ मीटर. पीव्हीसी आवरणामुळे शेवटी दोन-तीन टक्के आखूड करावी लागेल, पण आधी पूर्ण लांबीची कापा आणि मग छाटा. ही तार मऊ असते, ताणाने लांबते. महिनाभराने पुन्हा मोजा.

प्रश्न : १:१ बॅलनसाठी (केबल आणि डायपोल यांच्यामधल्या जोडणीसाठी) जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेली कडी आहेत. काही पिवळी-पांढरी, एक लाल, दोन काळी. कोणते वापरू? १०० वॅटचा सेट आहे. (नाशिक)

पिवळे-पांढरे आधी बाजूला ठेवा. ते लोहपूड दाबून केलेले, म्यू ७५ चे कडे आहे. डीसी फिल्टरसाठी ठीक, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झवर) मात्र नुसते तापते. लाल रंगाचेही लोहपुडीचेच, म्यू १०. ट्यून्ड कॉइलसाठी उत्तम, पण तुम्हाला हवा आहे चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून येणारा प्रवाह अडवणारी कॉइल. दोन इंची लाल कड्यावर १२ वेढे दिले तर इंडक्टन्स भरतो सुमारे १.७ मायक्रोहेन्री, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला ७७ ओहम. कोॲक्सच्या (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेल्या केबलच्या) बाहेरच्या पृष्ठभागावरून येणारा प्रवाह ७७ ओहमला जुमानत नाही. चोकला किमान १००० ओहम हवेत, ३००० च्या वर मिळाले तर निश्चिंत.

राहिली काळी कडी. ती फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकीय सिरॅमिकची) असणार, पण कोणत्या जातीची ते पाहावे लागेल.

रंग किंवा लेप असल्यास दोन ठिकाणी खरवडा आणि मल्टीमीटरची टोके सेंटिमीटरभर अंतरावर दाबून धरा. काही किलोओहम ते शंभरेक किलोओहम दाखवले तर मँगनीज-झिंक जात. मीटर काहीच दाखवत नसेल तर निकेल-झिंक. मग कड्यावर १० वेढे गुंडाळून एलसीआर मीटरने इंडक्टन्स मोजा. वेढा मोजताना तार भोकातून किती वेळा गेली ते मोजायचे. बाहेरून पाहून मोजणारे हमखास एकाने चुकतात. म्यू काढायची रीत अशी: वेढ्यांचा वर्ग, कड्याची उंची मिमीमध्ये, ०.२, आणि बाहेरचा व्यास भागिले आतला व्यास याचा नैसर्गिक लॉगरिदम, या चौघांचा गुणाकार करा. नॅनोहेन्रीतल्या इंडक्टन्सला त्या गुणाकाराने भागले की म्यू.

उदाहरणार्थ ६१ मिमी बाहेरचा व्यास, ३५.५ आतला, उंची १२.७. लॉगरिदम ०.५४, गुणाकार १३७. मीटरने ११० मायक्रोहेन्री दाखवले तर म्यू ८००, म्हणजे बाजारात ज्याला ‘४३ मिक्स’ म्हणतात त्या जातीचे. २०६ दाखवले तर १५००, ‘३१ मिक्स’च्या जवळ. १७ च्या आसपास असेल तर १२५, ‘६१ मिक्स’.

आता लक्षात ठेवायची गोष्ट. हा म्यू कमी वारंवारतेचा आहे. एचएफवर फेराइटचा म्यू दोन भागांत वागतो: एक भाग ऊर्जा साठवतो, दुसरा ती उष्णतेत घालवतो. ३१ मिक्समध्ये दुसरा भाग एचएफवरच मोठा असतो. ट्रान्सफॉर्मर करायचा असेल तर तो दोष, पण चोकसाठी तोच गुण आहे. नुसत्या इंडक्टिव्ह चोकची कोॲक्सच्या लांबीशी अनुनाद होऊन गंमत होऊ शकते, म्हणजे प्रवाह अडण्याऐवजी वाढतो. रोधी चोकमध्ये हे होत नाही. म्हणून १.८ ते ३० मेगाहर्ट्झच्या चोकला ३१ पहिली पसंती, ७ च्या वर ४३ ही छान. ६१ कमी बँडवर चोक म्हणून कमजोर.

पॉवर सप्लायमधल्या काळ्या कड्यांपैकी बरीच मँगनीज-झिंकची आणि २००० किंवा त्याहून जास्त म्यूची निघतात. ती लाइन फिल्टरची असतात. आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका. अशा जातीचा म्यू एक-दोन मेगाहर्ट्झनंतर ढासळायला लागतो. वापरण्याआधी मोजा.

मोजायला नॅनोव्हीएनए (केबल-ॲन्टेना तपासायचे छोटे यंत्र) पुरते. तयार चोकच्या दोन्ही टोकांना कोॲक्सची जाळी तेवढी घ्या, पोर्ट ० पासून पोर्ट १ पर्यंत मधोमध जोडा आणि एस२१ (एका पोर्टमधून दुसऱ्याला किती सिग्नल पोचतो ते) पाहा. उणे २० डेसिबल म्हणजे सुमारे ९०० ओहम, उणे ३० म्हणजे ३००० च्या वर. जोडणीच्या तारा चार-पाच सेंटिमीटरहून लांब ठेवल्या तर वरच्या बँडवरचा आकडा खोटा येतो.

६१ मिमीच्या कड्यावर पातळ टेफ्लॉन कोॲक्सचे १० ते १२ वेढे द्या. आरजी-५८ ही बसते, पण फोम डायइलेक्ट्रिकची केबल टाळा. घट्ट वळणावर आतली तार हळूहळू फोममधून सरकत जाळीला टेकते, आणि तेही उन्हाळ्यात.

‘१०० वॅटला कडे संपृक्त होईल का’ (चुंबकीकरणाची कमाल गाठेल का) ही भीती अस्थानी आहे. कोॲक्सच्या आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात. कड्याला दिसतो तो फक्त जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह. प्रश्न संपृक्ततेचा नसून उष्णतेचा असतो. ३१ आणि ४३ चा क्यूरी बिंदू १३० अंशांच्या आसपास आहे. त्याच्या वर म्यू १ वर येतो आणि चोक उरतच नाही. लक्षण ठरलेले: कॅरियर दाबून धरल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी एसडब्ल्यूआर सरकायला लागतो, थांबलात की पुन्हा जागेवर येतो. असे दिसले तर आधी सेट बंद करा, मग कड्याला हात लावा. गरम असेल तर वेढे वाढवा किंवा दुसरे कडे चढवा. डब्याला खालून एक छोटे भोक ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साठते.

प्रश्न : आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ गावाकडे कमी ऐकू येते. रेडिओतला १२५ म्यूचा फेराइट रॉड काढून २००० म्यूचा घातला तर सिग्नल सोळापट होईल ना? (जुन्नर तालुका)

होणार नाही. रॉड हे उघडे चुंबकीय परिपथ आहे. बलरेषा एका टोकातून शिरतात, दुसऱ्यातून निघतात आणि हवेतून वळसा घालतात. त्यामुळे रॉडचा परिणामी म्यू पदार्थापेक्षा त्याच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तरावर जास्त अवलंबून असतो. लंबगोलाकार रॉड धरून केलेला हिशेब पाहा. लांबी जाडीच्या दहापट असेल तर १२५ म्यूच्या पदार्थाचा परिणामी म्यू ३६ येतो, ८०० च्या पदार्थाचा ४७, आणि २००० च्या पदार्थाचा ४८. गुणोत्तर वीस केले की हेच आकडे ६८, १२५ आणि १३८. तुमचा सोळापटीचा हिशेब सगळ्यात चांगल्या स्थितीतही दुपटीवर येऊन थांबतो. वर २००० म्यूच्या पदार्थाचे मीडियम वेव्हवरचे नुकसान कॉइलचा क्यू (अनुनादाची तीव्रता) पाडते. मिळाले ते तिथे गेले.

लांब रॉडने फरक पडतो. पण गावाकडे जागा असेल तर फेराइट सोडा आणि चौकटीचा लूप करा. १० मिमी जाड, २०० मिमी लांब, १२५ म्यूचा रॉड दर वेढ्याला जेवढे क्षेत्र पकडतो ते ५३ चौरस सेंटिमीटरच्या हवाई लूपएवढे. एक मीटर बाजूची लाकडी चौकट दर वेढ्याला १०,००० पकडते. रॉडवर साठ-पासष्ट वेढे आणि चौकटीवर ११, तरी एकूण फरक तीसपटीच्या आसपास जातो.

चौकटीला ६ मिमी अंतराने ११ वेढे द्या, साधी इन्सुलेटेड तार चालेल. इंडक्टन्स ३२० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. जुन्या रेडिओतला गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर) समांतर जोडा; तो साधारण ३० ते २८० पिकोफॅरड फिरला तर ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ पूर्ण बँड मिळतो. ७९२ ला सुमारे १२५ पिकोफॅरड लागतात, तेवढ्याच स्टेशनसाठी करायचे असेल तर १०० चा मायका कपॅसिटर आणि ५० चा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा कपॅसिटर) पुरे. रेडिओला तार जोडायची गरज नाही. रेडिओ चौकटीजवळ असा ठेवा की आतला रॉड चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल, मग गँग फिरवा. आवाज एकदम उसळतो ती जागा सापडली की झाले.

रॉड ज्या दिशेला टोक करून असेल त्या दिशेचे स्टेशन सर्वात कमी येते. शेजारच्या एलईडी दिव्याचा घुर्र आवाज घालवायचा असेल तर हाच दोष कामाला येतो: टोक दिव्याकडे करा.

प्रश्न : रेडिओ पडून रॉड मधोमध मोडला. नवा मिळत नाही. चिकटवला तर चालेल? (मालवण)

चालेल. रॉडचा परिपथ मुळातच उघडा असल्यामुळे केसाएवढ्या फटीने इंडक्टन्स थोडासाच उतरतो. बंद कड्यात तीच फट अनर्थ करते. तुटलेल्या बाजू घासू नका, जशा तुटल्या तशाच बसवा आणि सायनोॲक्रिलेटचा एक थेंब लावून दाबून धरा. एपॉक्सी जाड बसते, फट वाढते.

जोडल्यावर स्टेशने डायलवर सरकलेली दिसतील. इंडक्टन्स कमी झाला असेल तर मेण सोडवून कॉइल रॉडच्या मध्याकडे सरकवा. मध्याकडे इंडक्टन्स वाढतो, टोकाकडे कमी होतो. हे बँडच्या खालच्या टोकाला, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास करा. वरच्या टोकाला गँगवरचा ट्रिमर फिरवा, आणि दोन्ही एकदा पुन्हा तपासा. कॉइलची तार लिट्झ असेल, म्हणजे बारीक पदरांची. सोल्डर करताना एखादा पदर सुटला तर क्यू पडतो. रॉड धरायला धातूची पूर्ण बंद पट्टी कधीही लावू नका. तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि रेडिओ बहिरा होतो.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी ४३३ मेगाहर्ट्झचा ॲन्टेना छोटा करायचा आहे. तरंगलांबी म्यू गुणिले डायइलेक्ट्रिक स्थिरांक याच्या वर्गमुळाने कमी होते, मग ८०० म्यूच्या फेराइटमध्ये बसवला तर तो नखाएवढा होईल? (पुणे)

सूत्र बरोबर, पण ८०० हा आकडा ४३३ मेगाहर्ट्झला अस्तित्वातच नाही. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी १९४० च्या दशकात दाखवले की फेराइटचा सुरुवातीचा म्यू आणि तो ज्या वारंवारतेला कोसळतो ती वारंवारता यांचा गुणाकार बांधलेला असतो. निकेल-झिंक जातींसाठी तो साडेपाच गिगाहर्ट्झच्या घरात धरा. ८०० म्यू हवा तर मर्यादा ७ मेगाहर्ट्झ, १२५ ला ४५, आणि ६०० मेगाहर्ट्झपर्यंत जायचे तर म्यू १० वरच समाधान. मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून नुकसान वाढायला लागते, त्यामुळे ४३३ ला तुमच्या हातात खरे तर पाच-सहाच उरतात.

कोबाल्टयुक्त षटकोनी फेराइट ही मर्यादा काहीशी ओलांडतात, पण प्रकल्पाच्या बजेटमध्ये ती बसणार नाहीत. म्यूने लहान केलेल्या पॅच (सपाट पत्र्याच्या) ॲन्टेनाचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे: नुसता डायइलेक्ट्रिक स्थिरांक वाढवून तेवढेच लहान केले तर बँडविड्थ आक्रसते, म्यूच्या वाटेने कमी आक्रसते. प्रबंधात हे लिहा. बोर्डवर मात्र १७.३ सेंटिमीटरची पाव-तरंग तार गुंडाळून केलेली हेलिकल कॉइलच लावा.

प्रश्न : कोकणातला जांभा आणि देशावरचा काळा पाषाण, दोन्हींत लोह भरपूर. मग तिथे मीडियम वेव्ह जास्त शोषली जाते का? (चिपळूण)

लोह असणे आणि चुंबकीय असणे या वेगळ्या गोष्टी. जांभ्यातले लोह मुख्यतः गोएथाइट आणि हेमाटाइट या ऑक्साइडांच्या रूपात असते, आणि ती जवळजवळ अचुंबकीयच. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, म्हणून त्यावर होकायंत्र कधी कधी चुकते. तरीही त्याची चुंबकीय ग्रहणशीलता शतांशांतच असते, म्हणजे म्यू १.०१ ते १.०५. लहरीच्या हिशेबात तो १ धरला तरी बिघडत नाही.

जमिनीलगतची लहर किती लवकर क्षीण होते ते ठरवते वाहकता, म्हणजे मुख्यतः ओलावा आणि क्षार. कोरडा कातळ वाईट, ओली काळी जमीन बरी, आणि समुद्र सगळ्यात उत्तम. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला ४ सीमेन्सच्या आसपास, म्हणून ७९२ किलोहर्ट्झची लहर पाण्यात २८ सेंटिमीटरच शिरते आणि पृष्ठभागावरून लांब जाते. किनाऱ्यावर दूरची स्टेशने दिवसाही येतात त्याचे कारण हे पाणी.

प्रश्न : मोबाइलचे मागचे झाकण उघडले तर एनएफसी (टेकवून कार्ड वाचण्याची सोय) कॉइलमागे काळी पातळ पट्टी दिसली. ती काढली तर? (ठाणे)

एनएफसी बंद पडेल. ती फेराइटची पट्टी आहे, जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांची. १३.५६ मेगाहर्ट्झचे क्षेत्र मागच्या बॅटरीच्या धातूपर्यंत पोचले तर तिथे भोवरे-प्रवाह निर्माण होतात, ते कॉइलच्या क्षेत्राला विरोध करतात आणि ट्यूनिंगही सरकवतात. पट्टी त्या बलरेषांना धातूच्या आधीच वळवून परत पाठवते. बॅटरी बदलताना ती तुकडे होऊन फाटली असेल तर तुकडे एकमेकांना टेकवून पारदर्शक टेपखाली बसवा. अंतर थोडे कमी होईल, पण कार्ड टेकवले की वाचेल.